घाटाखालचे पाणी आणि फ्रँकोनियाची बिअर

बिअर या पेयात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि त्यामुळे ज्या गावी ती मुरते त्या गावच्या जमिनीचा गुण तिच्या चवीत उतरतो, हे बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत. घाटावर आणि घाटाखाली अशी या जिल्ह्याची विभागणी लोकांच्या बोलण्यात पूर्वापार रूढ आहे, आणि चिखली-मेहकरकडच्या विहिरीचे पाणी प्यायलेला पाहुणा नांदुरा, जळगाव जामोद किंवा संग्रामपूरकडे उतरला की पहिल्या घोटालाच त्याला फरक कळतो. पूर्णेच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. म्हणजे येथील भूजलात क्षार इतके असतात की ते पिण्याला तर सोडाच, अनेक ठिकाणी ओलितालाही चालत नाही, आणि संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा याच पाण्याच्या संदर्भात वर्षानुवर्षे होत आली आहे. लोणारच्या सरोवराचे अल्कधर्मी पाणी हे तर या क्षारतेचे जगप्रसिद्ध टोक होय. जिथे पाण्याची चव गावागणिक बदलते, तिथल्या प्रवाशाला बिअरची चव गावागणिक का बदलते हे मुंबईकर पर्यटकाच्या आधी उमगायला हवे. पण परदेशात गेलेला हा प्रवासी बहुधा एखाद्या मोठ्या शहराच्या मध्यवर्ती चौकातच थांबतो आणि तिथूनच परत फिरतो.

हा प्रवासी कोण, याचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. शेगावला १९८३ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांमधून बाहेर पडलेली मुले आधी पुण्याला आणि मग म्युनिक, स्टुटगार्टला जाऊ लागली, आणि कुशल कामगार पाठवण्यासाठी महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी २०२४ मध्ये केलेल्या करारामुळे ही वाट केवळ पदवीधरांची राहिलेली नाही. यांतील अनेकांच्या घरी शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे, गळ्यात माळ असणारे वडीलधारे आहेत. तेव्हा तिकडच्या बिअरची हकिकत घरच्या फोनवर सांगितली जात नाही, ती मित्रांपुरतीच राहते, आणि मराठी प्रवासवर्णनांत चर्च, संग्रहालये आणि ट्यूलिपचे मळे भरभरून येत असता पानगृहे जेमतेम डोकावतात, याचेही एक कारण या संकोचात शोधता येते.

या प्रवाशाने घरून जी बिअर ओळखलेली असते ती बिअर शॉपीच्या फ्रिजमधली ६५० मिलिलिटरची बाटली, आणि तीही बहुधा स्ट्राँग, म्हणजे जिच्यात अल्कोहोलचे प्रमाण सहा ते आठ टक्क्यांच्या घरात असते अशी. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा फार मोठा आहे, आणि त्याचे कारण चवीत नसून हिशेबात आहे. करामुळे महाग झालेल्या बाटलीतून पैशाच्या मानाने अधिक नशा मिळावी, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. बुलढाण्याला सर्वांत जवळचे बिअरनिर्मितीचे केंद्र म्हणजे देऊळगाव राजा आणि जालना ओलांडले की येणारे छत्रपती संभाजीनगर. तेथील वाळूज परिसरात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत देशी-विदेशी मोठ्या कंपन्यांच्या ब्रुअरी उभ्या राहिल्या, आणि त्यांची तहान मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवले जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा बाटलीतील पेय आणि धरणातील पाणी यांचे नाते बिअर न पिणाऱ्यांच्याही ध्यानात आले. तांत्रिक दृष्ट्या मात्र जायकवाडीच्या पाण्याची चव या बाटलीत उतरत नाही. आधुनिक कारखान्यात पाण्यातील क्षार आधी काढून टाकले जातात आणि मग हवे तेवढे क्षार मोजून पुन्हा घातले जातात, ज्यायोगे एकाच नावाची बिअर देशातल्या कुठल्याही कारखान्यात सारखीच निघते. मोठ्या शहराच्या बिअरचे हे मुख्य लक्षण मानावे लागेल: तिला गाव नसते.

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीपासून महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचे युग आले. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे बिअर लहान प्रमाणावर तयार होते आणि बाटलीत न भरता त्याच जागी ताजी विकली जाते असे पानगृह. मुंढवा, कोरेगाव पार्क, मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल अशा ठिकाणी अशी पानगृहे पुढे निघाली आणि गव्हाची, मधाची, आंब्याची बिअर तरुण नोकरदारांच्या परिचयाची झाली. ती चांगली असते, यात वाद नाही. पण तीही शहराचीच बिअर आहे, आणि तिचे माल्ट (जव भिजवून, मोड आणून, मग भट्टीत वाळवले की जे तयार होते ते माल्ट) पुष्कळदा जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रदेशातील बांबर्ग शहरातून येते, जिथे १८७९ मध्ये स्थापन झालेली वायरमान ही माल्ट बनवणारी कंपनी जगभरच्या लहान ब्रुअरींना माल पुरवते. म्हणजे पुण्यात बसून बिअर पिणारा वऱ्हाडी तरुण फ्रँकोनियाची चव आधीच घेत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

म्युनिकला पोहोचल्यावर या प्रवाशाची पहिली भेट ठरलेली असते. होफब्रॉयहाउस ही १५८९ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने स्थापलेली ब्रुअरी आणि तिचे अवाढव्य सभागृह, आणि दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे असतील तर १८१० मधील राजपुत्राच्या विवाहोत्सवातून निघालेली ऑक्टोबरफेस्टची जत्रा, जिला एका हंगामात साठ लाखांहून अधिक लोक भेट देतात. या जत्रेत बिअर देण्याचा अधिकार शहराच्या हद्दीत बिअर गाळणाऱ्या सहाच ब्रुअरींना आहे, आणि त्यांपैकी श्पाटेन व लोव्हेनब्रॉय ही दोन नावे आज एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची आहेत. एक लिटरचा काचेचा मग, पितळी वाद्यांचा गजर, बाकावर उभे राहून गाणारे इटालियन आणि ऑस्ट्रेलियन पर्यटक, हे सर्व पाहण्यासारखे आहे. पण त्यात बव्हेरियाचे दर्शन किती आणि बव्हेरियाच्या विक्रीचे किती, हा प्रश्न उरतो. म्युनिकच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तेथील बिअरबागेत, म्हणजे चेस्टनटच्या झाडांखाली लाकडी बाके मांडलेल्या उघड्या पानगृहात, आजही घरची शिदोरी सोडून खाता येते, आणि त्यामागे १८१२ चा राजादेश आहे: खानावळवाल्यांच्या तक्रारीवरून राजाने बिअरवाल्यांना तळघरावर बिअर विकू दिली, पण पावाखेरीज अन्न विकू दिले नाही, आणि मग लोक आपापले जेवण बांधून आणू लागले. घरून दशम्या बांधून निघण्याची सवय असलेल्या प्रवाशाला ही सोय इतकी ओळखीची वाटते की तिथे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी उघडण्यात त्याला काही गैर दिसू नये.

म्युनिकहून उत्तरेला न्यूरेनबर्ग ओलांडले की पुढे बांबर्गचा वरचा फ्रँकोनिया लागतो. हा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बव्हेरियात विलीन झाला, पण त्याची मनोमन वेगळी ओळख कायम राहिली, आणि १५१६ मध्ये इंगोलश्टाट येथे काढलेल्या, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे असे सांगणाऱ्या बव्हेरियन शुद्धता-आदेशाचा कोणी गौरव केला, तर बांबर्गकर आपल्या १४८९ च्या आदेशाची आठवण करून देतात. (हॉप्स म्हणजे वेलीला येणारी कडसर, सुगंधी फुले, ती बिअरला कडवटपणा देतात आणि टिकवूनही ठेवतात. किण्व, म्हणजे यीस्ट, या आदेशांत नाही, कारण त्याचे कार्य तेव्हा कोणाला माहीत नव्हते.) जर्मनीत सुमारे दीड हजार ब्रुअरी आहेत, त्यांपैकी सहाशेच्या आसपास एकट्या बव्हेरियात, आणि लोकसंख्येच्या मानाने सर्वांत दाट वस्ती या वरच्या फ्रँकोनियात आहे. आउफझेस नावाच्या, जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावसमूहात चार ब्रुअरी असल्याची नोंद गिनीज बुकाने २००० मध्ये घेतली, आणि त्या चारही ब्रुअरींना जोडणारी तेरा-चौदा किलोमीटरची पायवाट शेतांतून आणि बीचच्या रानांतून जाते.

या गावांत ब्रुअरी म्हणजे कारखाना अशी कल्पना मनात धरून गेलेल्याची फसगत होते. पुष्कळदा तिथे एकाच कुटुंबाची शेती, खाटिकखाना, खानावळ आणि बिअर गाळण्याची कढई एकाच वाड्यात असते. कढईतून निघणारा माल जवळपासच्या पाच-दहा गावांपलीकडे जात नाही आणि बाहेर जावा अशी मालकाची इच्छाही नसते. रविवारी चर्च सुटले की आजीपासून नातवापर्यंत सारे घर तिथे जेवायला येते. टेकडीच्या पोटात खोदलेल्या, बारमाही गार राहणाऱ्या दगडी तळघरांत बिअर मुरते, आणि उन्हाळ्यात लोक त्या तळघरांच्या माथ्यावरच, झाडांच्या सावलीत, बाके टाकून बसतात. यंत्राने थंडावा निर्माण करण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्यापूर्वी लागर जातीची, म्हणजे कमी तापमानात सावकाश आंबवून महिनोन्महिने मुरवलेली बिअर जिथे असे गार तळघर आणि हिवाळ्यात बर्फ मिळेल तिथेच होऊ शकत असे. बांबर्गमधील राउखबिअर, म्हणजे बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवल्यामुळे धुराचा वास धरणारी बिअर, ही त्याच्याही आधीची खूण आहे. एके काळी लाकडावर वाळवलेल्या सगळ्याच माल्टला धूर लागत असे, इतरांनी तो पुढे टाळला आणि बांबर्गच्या श्लेंकेरला या जुन्या पानगृहाने तो जपला. पहिला घोट घेणाऱ्याला तो चुलीवरच्या भाजलेल्या पदार्थासारखा वाटतो आणि नको होतो. दुसऱ्या पेल्यापर्यंत धीर धरावा, असे तेथील लोक सांगतात, आणि ते खरे आहे.

पाण्याचा धागा युरोपात सर्वत्र सापडतो. बोहेमियातील पिल्सेन येथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, पारदर्शक बिअर काढली, तिला तेथील अत्यंत मृदू, क्षारहीन पाण्याची साथ होती. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम असल्यामुळे एल जातीची कडवट, फिकट बिअर तिथे उत्तम जमे, आणि भारतातील इंग्रजांसाठी जहाजांवर चढणाऱ्या बिअरचा धंदा लंडनकडून या लहानशा गावाने हिसकावून घेतला तो मुख्यतः पाण्याच्या बळावर. म्युनिकचे कार्बोनेटयुक्त जड पाणी काळसर बिअरला मानवते. जिप्सम आणि कार्बोनेट बिअरला मानवतात आणि सोडियमचे क्षार जास्त झाले की ती बिघडते, एवढे कळले की खारपाणपट्ट्यातील विहिरींवर कुठलीही ब्रुअरी का चालणार नाही हेही कळते. बेल्जियमचा अनुभव मात्र शहर-खेड्याची सोपी विभागणी मोडतो. तेथे सिंट-सिक्स्टस मठातील संन्याशांची वेस्टफ्लेटेरन बिअर शेतांनी वेढलेल्या गावात मिळते हे खरे. पण हवेतील रानटी किण्वावर आपोआप आंबणारी लांबिक बिअर कांतियों ही ब्रुअरी आजही ब्रुसेल्स शहराच्या गजबजलेल्या वस्तीत करते.

तरीही बुलढाण्याच्या प्रवाशाने सर्वांत अधिक वेळ जिथे द्यावा अशी जागा म्हणजे फ्रँकोनियाच्या पूर्वेस, चेक सीमेकडील ओबरफाल्झ. विंडिशएशेनबाख, फाल्केनबर्ग, नॉयहाउस यांसारख्या लहान गावांत त्सॉइगल नावाची प्रथा टिकून आहे. गावाच्या मालकीचे एक सामाईक ब्रुहाउस असते, आणि ज्या घरांना बिअर गाळण्याचा जुना हक्क आहे (हा हक्क माणसाला नसून घराला, म्हणजे जमिनीच्या दस्तऐवजाला चिकटलेला असतो) ती घरे पाळीपाळीने तिथे माल्टचा काढा उकळतात, जशी गावच्या गिरणीवर ज्याची त्याने पायली आणून दळून न्यावी. उकळलेला काढा प्रत्येक जण आपल्या तळघरात नेतो आणि तिथे आंबवतो. म्हणून कढई एक असूनही घराघराची बिअर वेगळी. तयार झाली की दारावर सहा टोकांची चांदणी टांगली जाते, आणि त्या दिवसांपुरते ते घर पानगृह होते. बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसावे लागते. भाषा येत नसेल तरी चालते. पण एकट्याने कोपरा धरून बसणे इथे शिष्टसंमत नाही.

ही चांदणी पाहताना सातपुड्याच्या पायथ्याची आठवण अटळ आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या वस्त्यांत आणि अंबाबरवा अभयारण्याच्या परिसरात भिलाला, निहाल, कोरकू या समाजांत मोहाचे झाड हे अन्नही आहे आणि विधीही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचून, वाळवून, आंबवून, मग हंडीत उकळून त्यांच्या वाफेपासून दारू गाळली जाते. शास्त्रीय काटेकोरपणे बोलायचे तर ही बिअर नव्हे, कारण बिअर केवळ आंबवलेली असते आणि मोहाची ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेली. पण सामाजिक अर्थाने त्सॉइगलशी नाते जुळते ते याच पेयाचे: घरोघरी होणारे, हंगामाचे, आपल्याच रानातले. ओबरफाल्झमध्ये ते घराच्या दस्तऐवजातील हक्क ठरले आणि येथे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरील निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये शिथिल केले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा-पेयाचा दर्जा देऊन धोरण आणले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर मात्र हंडी अजूनही लपवूनच चढते.

आपल्याकडे दारूचा नकाशा पाण्याने नव्हे, परवान्याने आखला आहे. बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५, पिण्यासाठी एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना, देशीचे दुकान वेगळे, परमिट रूम वेगळी, बिअर शॉपी वेगळी. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली तेव्हा राज्यभर महामार्गालगतचे परमिट रूम बंद पडले किंवा जागा शोधत गावात सरकले. जर्मनीत सोळा वर्षांचा मुलगा आईबापांसमोर बिअर मागतो, हे पाहून वऱ्हाडी प्रवासी चकित होतो. त्याला चव तितकी नवी वाटत नाही जितका तेथील उजेड नवा वाटतो. आपल्या परमिट रूमच्या काळ्या काचा आणि पडदे लावलेल्या फॅमिली रूम यांच्या सवयीतून आलेल्या माणसाला भर दुपारी, चर्चच्या समोर, उघड्यावर पिणे हेच मुळी परदेश असते.

मात्र या उजेडाचे कौतुक करताना घरच्या काळोखाची कारणे विसरणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील गावांत दारू म्हणजे बहुतेकदा देशीची बाटली, आणि तिच्या मागे थकलेले कर्ज, विकलेले भांडे आणि मार खाल्लेली बाई असते. म्हणूनच दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद झाली, जिच्यात मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात आणि नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान उठते. फ्रँकोनियाच्या खानावळीत आजी नातवाशेजारी बसते आणि बुलढाण्याच्या गावात आजी आडव्या बाटलीला मत देते, या दोन्ही गोष्टी त्या त्या ठिकाणी शहाणपणाच्या आहेत. जर्मन खेड्याला सोवळे ठरवण्याचेही कारण नाही: तेथील ब्रुअरींना वारस मिळत नाहीत, दर वर्षी काही कढया कायमच्या थंडावतात, आणि हॉप्स तर बहुतेकांना म्युनिकच्या उत्तरेकडील हालरटाउ भागातून विकतच आणावे लागतात. आपल्या धान्याची, आपल्या पाण्याची, आपल्या हाताची अशी संपूर्ण बिअर तिथेही विरळाच.

धान्याचा मुद्दा मात्र बुलढाण्याला थोडा अधिक विचार करायला लावणारा आहे. जव हे या जिल्ह्याचे पीक नाही. ज्वारी होते, आणि सोयाबीन-कापसाने तिला मागे सारले असले तरी पीक-पावसाचे भाकीत करण्यासाठी भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय तृतीयेला मांडल्या जाणाऱ्या धान्यांत तिचे स्थान कायम आहे. ज्वारीला मोड आणून बिअर करता येते, नव्हे, आफ्रिकेत ती शतकानुशतके केली जाते. दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथी मका आणि ज्वारीची असते, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केल्यावर तेथील मोठमोठ्या ब्रुअरींनी ज्वारीकडे वळून दाखवले. महाराष्ट्रात धान्यापासून मद्य बनवण्याला अनुदान देणाऱ्या २००७ च्या धोरणावर डॉ. अभय बंग यांच्यासारख्या दारूविरोधी कार्यकर्त्यांनी कडाडून टीका केली होती, आणि ती टीका कारखान्यांच्या कडक मद्याबद्दल होती. लहान, कमी अल्कोहोलच्या ज्वारीच्या बिअरचा विचार त्या वादात कधी झालाच नाही. नाशिकच्या द्राक्षबागांभोवती वाइनचे पर्यटन उभे राहिले. ज्वारीच्या शेतांभोवती तसे काही उभे राहावे की नाही, हे वऱ्हाडातील स्त्रियांना विचारूनच ठरावे.

तोवर परदेशी जाणाऱ्याने खेड्याच्या अडचणी आधी जाणून घ्याव्यात. फ्रँकोनियातील गावोगावच्या खानावळी आठवड्यातून एक-दोन दिवस हमखास बंद असतात, अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही, शाकाहाऱ्याला बटाटा आणि चीजवर भागवावे लागते, आणि गावच्या बसगाड्या सुटीच्या दिवशी फार थोड्या असतात. गाडी भाड्याने घेऊन ब्रुअरीमागून ब्रुअरी करण्याचा बेत करू नये, कारण वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा जर्मनीत हजारी अर्धी इतकीच आहे. आउफझेसची पायवाट पायीच चालायची असते. म्युनिकचे तिकीट काढलेल्या बुलढाणेकराने होफब्रॉयहाउसमध्ये एक संध्याकाळ घालवावी आणि दुसऱ्या सकाळी न्यूरेनबर्गला गाडी बदलून बांबर्ग गाठावे.